धुक्यातून पेट्या नेणारा नावाडी

“भेव लागते जी, पर चाला.”

नाव पाण्यात ढकलण्याआधी तो हे म्हणायचाच. एका हातात लांब बांबू असायचा. दुसऱ्या हाताची बोटं तो वैनगंगेत बुडवून डोळ्यांना लावायचा आणि मग हे वाक्य म्हणायचा. नावेत कोणी नवखा असला तर तो दचकून काठाकडे पाहायचा. आम्ही रोजचे लोक हसायचो. नावाड्यालाच पाण्याची भीती, याहून मोठी गंमत आमच्या गावात दुसरी नव्हती.

मी मूळचा वरोऱ्याचा, कापसाच्या बाजारात वाढलेला. नदीशी माझा संबंध कधी आलाच नव्हता. मास्तरकीची पहिली नोकरी मिळाली ती गडचिरोलीच्या बाजूला, वैनगंगेच्या पूर्वेकडच्या काठावर. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. गावाच्या एका अंगाला नदी होती, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल, ते थेट धानोऱ्याच्याही पुढे. बाहेरच्या जगात जायचं तर नदी ओलांडावी लागे, आणि नदी ओलांडायची तर त्याच्या नावेत बसावं लागे.

एकदा मी त्याला विचारलं, “तुला पोहता येतं, जन्म पाण्यात गेला, मग भितोस कशाला?”

तो म्हणाला, “पान्यात काय काय हाय थे मले मालूम हाय गुरुजी. तुमाले मालूम नाई, म्हनून तुमी मजेत बसता.”

चाळिशीचा असेल. अंगाने काटकुळा, मान सारखी इकडून तिकडे वळणारी. रस्त्याने चालताना मागे बैलगाडी असली तरी तो बांधावर चढून उभा राहायचा. खाकी कपडा दिसला की, मग तो जंगल खात्याचा असो की पोस्टाचा, त्याचे हात आपोआप जोडले जायचे. “खाकी पाहिली का मले वाटते, मीच काईतरी केलं,” असं तो स्वतःच सांगायचा. भीती लपवायची असते हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तुम्हीही भित्री माणसं पाहिली असतील. बहुतेक जण वरून मिशीला पीळ देतात. हा तसा नव्हता. तो भ्यायचा आणि भ्यालो म्हणून सांगायचा.

त्याची बायको दिवस मावळायच्या सुमारास घाटावर येऊन बसायची. मासळी साफ करत, कोणाशी न बोलता, शेवटची खेप येईपर्यंत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “त्यायले एकट्याले घरी येवाले भेव लागते.” तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती, तक्रारही नव्हती.

देशातली पहिली निवडणूक आली ती अशा गावात. मालगुजारी, ही आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, म्हणजे कायद्याने गेली होती. घाट मालगुजाराचा, नाव मालगुजाराची, धानाची कोठारं त्याची, आणि गावातली अर्धीअधिक माणसं त्याच्याच कामावर. त्याचा पुतण्या उभा राहिला, त्याची निशाणी छत्री. गडचिरोलीचे एक वकील उभे राहिले, त्यांची निशाणी कंदील. आणि तिसरे एक गृहस्थ होते, त्यांना शिडी मिळाली होती.

ही सगळी मंडळी नदी ओलांडायला त्याच्याच नावेत. वकील भर दुपारी पेटता कंदील घेऊन बसले. शिडीवाल्यांनी खरीच शिडी आणली होती. ती नावेत आडवी मावेना, उभी धरली तर वाऱ्याने झुलू लागली, तेव्हा हा अर्ध्या पाण्यात देवाचा धावा करत होता. प्रत्येक जण नावेत बसला की म्हणायचा, “आम्ही निवडून आलो की इथे पूल बांधू.” आणि तो मान हलवून म्हणायचा, “हो जी.” मग प्रत्येक जण म्हणायचा, “तुझं मत आम्हालाच ना?” त्यालाही तो म्हणायचा, “हो जी.”

“अरे, तू तर तिघांनाही हो म्हणालास,” मी म्हटलं.

“मंग काय करू? हो म्हनलं का मानूस उतरून जाते. नाई म्हनलं का थो थांबते.”

ढिवरपुऱ्यात, म्हणजे त्याच्या वस्तीत, कोळ्या-ढिवरांची बरीच घरं होती. मालगुजाराचे दिवाणजी एका सकाळी तिथे जाऊन आले. वयस्क, पांढरंशुभ्र धोतर, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. शिवी त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती आणि तरी त्यांना पाहिलं की पोरं अंगणातून घरात पळत. ते एवढंच सांगून आले की कोणी कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकली हे मालकांना समजणार आहे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे आला. दारात उभा राहिला, आत येईना.

“गुरुजी, पेटीले मालूम पडते का जी, कोनी टाकलं थे?”

“नाही. चिठ्ठीवर नाव नसतं. पडद्याआड पेट्या ठेवलेल्या असतात. तू एकटा आत जायचं, हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची आणि बाहेर यायचं.”

“एकटा म्हन्जे किती जन?”

“एकटा म्हणजे एकटा.”

“दिवानजी बी नाई?”

“नाही.”

“पोलीस?”

“नाही.”

“तुमी?”

“मीही नाही.”

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. “मंग एकट्याले भेव नाई लागनार?” असं त्याने विचारलं.

मतदान माझ्याच शाळेत झालं. चांद्याहून एक कारकून साहेब केंद्राचे मुख्य म्हणून आले होते. चष्मा, गळाबंद कोट, सतत खोकला. सोबत बंदूकवाला एक पोलीस शिपाई. मला बोटाला शाई लावायचं काम दिलं होतं. वर्गाच्या कोपऱ्यात जाजम टांगून पडदा केला होता आणि त्यामागे तीन पेट्या, प्रत्येकीवर निशाणीचं चित्र. काही बायांनी आत जाऊन पेट्यांना हळदकुंकू वाहिलं, ते नंतर आम्हालाच पुसावं लागलं. बाहेर चिंचेखाली दिवाणजी खुर्ची टाकून बसले होते. ते कोणाला काही म्हणत नव्हते. नुसते येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा पाहत होते. लोक शाळेत शिरताना त्यांना रामराम करत आणि निघताना न पाहता जात.

तो दुपारी आला. बोट माझ्यापुढे केलं आणि शाई लागताच मागे ओढलं, शाई नखाबाहेर पसरली. चिठ्ठी घेऊन तो पडद्यामागे गेला. आणि बाहेरच येईना.

रांग थांबली. लोक कुजबुजू लागले. साहेबांनी खोकून हाक मारली, “झालं का रे?”

“हो जी. टाकली.”

“मग बाहेर ये.”

“येतो जी. जरासा थांबतो.”

“कशासाठी?”

मग तो म्हणाला, “इथी कोनी नाई जी. बरं वाटून राह्यलं.”

रांगेतले लोक खो खो हसले. साहेबही हसले. मीही हसलो. पण तो बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं. ती नेहमी वळवळणारी मान सरळ होती. तसाच तो अंगणातून चालत गेला. चिंचेजवळून जाताना त्याने दिवाणजींना हात जोडले, पण ते जोडणंही नेहमीचं नव्हतं. दिवाणजी मागे वळून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. त्याने चिठ्ठी कुठे टाकली हे पेटीने सांगितलं नव्हतं. त्याच्या मानेने सांगितलं होतं. आणि त्याच्यामागून ढिवरपुऱ्यातले जे आले, तेही जरा जरा तसेच चालत गेले.

पेट्यांना लाखेचे शिक्के लागले. साहेबांचा आणि शिपायाचा मुक्काम शाळेतच होता. सकाळी नदी ओलांडायची, पल्याड सरकारी ट्रक यायचा होता, तिथून पेट्या मोजणीसाठी चांद्याला. पलीकडे माल चढवून द्यायला मी सोबत जाणार होतो.

सकाळी नदीवर असं धुकं होतं की घाटाच्या पायऱ्या संपून पाणी कुठे सुरू झालं ते पायालाच समजे. दिवाणजी आमच्या आधी घाटावर हजर होते, अंगावर शाल. त्यांच्यामागे दोन गडी. एवढ्या थंडीत ते आम्हाला पोचवायला का आले असावेत, याचा विचार साहेबांच्या मनात आला नाही. ते उलट खूश झाले. आम्ही पेट्या नावेत मधोमध ठेवल्या. साहेब त्यांना टेकून बसले, शिपाई टोकाला, मी नावाड्याजवळ.

“सांभाळून ने रे,” दिवाणजी म्हणाले. “मधात खडक आहे.”

नाव निघाली. थोडं अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आज त्याने पाण्याला हात लावला नव्हता आणि आपलं नेहमीचं वाक्यही म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. थंडीत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बांबू पाण्यात पडताना, निघताना, एवढाच आवाज. काठ मागेही दिसत नव्हता आणि पुढेही. नदीच्या मध्यावर एक खडक होता, हिवाळ्यात पाण्याच्या वीतभर खाली असायचा. त्याच्या अलीकडे खोल डोह. तिथे पाणी खडकावर घासत असल्याचा आवाज आम्ही ओळखत होतो. तो आवाज जवळ येऊ लागला, डाव्या हाताला असायला हवा होता, तो समोरून येत होता.

“खडक समोर आहे का?” मी विचारलं.

डोहाच्या कडेलाच त्याने बांबू तळाला रोवला आणि नाव थांबवली. प्रवाह नावेला ओढत होता, बांबू वाकत होता, त्याचे दंड थरथरत होते.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“साहेब,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. “मले सांगतलं हाय का नाव खडकावर घाल. पेट्या डोहात जाऊ दे. धुकं हाय, कोनी काई म्हननार नाई. तुले पोवता येते, तू निंगून ये.”

साहेबांचा खोकला थांबला. शिपायाने बंदूक उचलली, ती कुठे रोखावी हे त्याला समजेना. एकदा त्याने ती धुक्याकडे धरली, एकदा नावाड्याकडे, आणि मग मांडीवर ठेवली. साहेबांनी दोन्ही हातांनी पेट्यांना मिठी मारली. त्यांना पोहता येत नव्हतं. मलाही नव्हतं. खाली हिरवं-काळं पाणी होतं आणि समोर तो घासण्याचा आवाज. मला आईची आठवण झाली. त्या क्षणी आमचे तिघांचे जीव गावातल्या सगळ्यात भित्र्या माणसाच्या हातात होते.

“मग... तू काय करणार आहेस?” साहेबांनी विचारलं. सरकारी अधिकाऱ्याने कोणाला इतक्या नम्रपणे विचारलेलं मी त्यानंतर ऐकलं नाही.

“आता कसं करीन जी? आता तुमाले मालूम झालं.” तो रडत होता, पण बांबू सोडत नव्हता. “सांगतलं नसतं त भेवानं करून बसलो असतो. म्हनून सांगून टाकलं.”

मग नाक पुसून म्हणाला, “आन् त्यात माही बी चिठ्ठी हाय ना.”

त्याने नाव वळवली. ती वळताना बाजूला जी कलली, तेव्हा आम्ही तिघं ओरडलो. खडक उजव्या हाताला इतक्या जवळून गेला की त्यावरचं शेवाळ मला दिसलं. पुढे तो नेहमीच्या घाटाकडे गेलाच नाही. तिथेही कोणी असेल असं त्याला वाटत होतं. प्रवाहाबरोबर खाली जाऊन त्याने एका वाळूच्या पट्ट्याला नाव लावली. पेट्या आम्ही डोक्यावर घेऊन, वाळू तुडवत, वरच्या रस्त्याला नेल्या. शिपाई ट्रक बोलवायला गेला.

साहेबांना आता धीर आला होता. ते म्हणाले, “मी चांद्याला पोचलो की रीतसर तक्रार करतो. तुझी साक्ष लागेल.”

त्याने साहेबांचे पाय धरले. “नोका करू जी. तुमी चांद्याले जासान, मी इथी राह्यतो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं घर, शाळा, सगळं त्याच काठावर होतं. मी कपड्यांवरची वाळू झटकू लागलो, आणि साहेबांना ते समजलं. ट्रकमध्ये बसताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

ट्रक गेल्यावर मी त्याला म्हटलं, “आज परत जाऊ नकोस. इकडेच कोणाकडे राहा.”

“घरची तिकडेच हाय,” तो म्हणाला.

परतताना धुकं विरळ झालं होतं. घाट लांबूनच दिसू लागला. पायऱ्यांवर त्याची बायको बसली होती, त्या वेळी ती कधी यायची नाही. तिच्यापासून चार हातांवर दिवाणजी आणि ते दोन गडी. जसजसा काठ जवळ येई, तसतसा त्याचा बांबू हळू पडे. मी त्याला म्हणालो, “मी आहे.” त्या शब्दांना काही वजन नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

दिवाणजी रागावले नाहीत. “पोचल्या का पेट्या?” त्यांनी विचारलं.

“पोचल्या जी.”

“बरं झालं. दमला असशील. आता काही दिवस आराम कर.” त्यांनी हात पुढे केला. त्याने बांबू त्यांच्या हातात दिला. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून नावेवर दुसरा माणूस दिसू लागला.

त्यानंतर काहीच घडलं नाही, आणि तेच फार वाईट होतं. मारलं असतं तर मारून झालं असतं. तो रोज वाट पाहायचा. दिवसा दार लावून बसायचा. कधी शाळेच्या ओसरीवर येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा, कारण तिथे पोरांचा गलका असे. ढिवरपुऱ्यातले लोक त्याच्याशी बोलताना आधी आजूबाजूला पाहत. मीही पाहायचो.

निकाल आला. छत्री निवडून आली होती. आमच्या बाजूची बरीच मतं कंदिलाला पडली होती, पण बाकीच्या मुलखाने छत्रीला इतकी दिली होती की आमच्या पेट्या डोहात गेल्या असत्या तरी काही फरक पडला नसता. गावात वाजतगाजत मिरवणूक निघाली. मी ही गोष्ट त्याला सांगायला शाळेच्या ओसरीवर गेलो, तेव्हा मला वाटत होतं की तो कोसळेल.

तो म्हणाला, “म्हन्जे माही चिठ्ठी मोजली?”

“मोजली.”

“एक म्हनून?”

“एक म्हणून. मालगुजारांचीही एक म्हणूनच.”

तो ओसरीच्या भिंतीला डोकं टेकून हे मनात घोळवत बसला. मग पहिल्यांदाच मी त्याला मिरवणुकीच्या ढोलाच्या दिशेने न दचकता पाहताना पाहिलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. ढोल जवळ आले आणि तो उठून मागच्या दाराने निघून गेला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्याच्या दारापुढे त्याचं मासळीचं जाळं पडलेलं सापडलं. कोणीतरी ते कोयत्याने बारीक बारीक कापून, नीट ढीग करून ठेवलं होतं. कोणी केलं, कोणी पाहिलं नाही. त्याच्या बायकोने तो ढीग सुपात भरून नदीत टाकला, हात धुतले, आणि त्याला म्हणाली, “चाला जी. माह्या मायच्या गावी जाऊ.” तिचं माहेर खाली चामोर्शीच्या बाजूला होतं.

ते गेले त्या दिवशी मी शाळेच्या अंगणात उभा होतो. नावेत बसून गेले असते तर लवकर पोचले असते, पण नाव आता दुसऱ्याच्या हातात होती. ते नदीकाठच्या वाळूतून पायी निघाले. बायको पुढे, डोक्यावर बोचकं. तो तिच्यामागे, हातात एक मडकं. थोडं चालला की तो थांबून मागे वळून पाहायचा. पुन्हा चालायचा, पुन्हा वळायचा. मला वाटलं, माझा निरोप घेतो आहे. मी हात वर केला, बराच वेळ वर धरला. त्याने हात केला नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो शाळेकडे पाहतच नव्हता. वाळूवर आपल्या पाऊलखुणांवरून कोणी मागे येत नाही ना, तेवढंच तो पाहत होता.